भिंगरीच्या भांड्याचं झाकण

९ जानेवारी

भिंगरी,

जाताना तू घरात एक वस्तू विसरून गेली आहेस. उंची बेताची, केस पांढरे, एक गुडघा नादुरुस्त, तोंड मात्र उत्तम चालू. ओळख पटली तर पोच दे. नाही पटली तर पत्राखाली अंगठा उमटवला आहे, तो निरखून बघ. लहानपणी याच अंगठ्याने तुझं नाक पुसलेलं आहे.

फोन करतेस, मान्य. पण फोनवर तू म्हणतेस "हं", मी म्हणते "हं", तेवढ्यात मागून तुला कुणीतरी हाक मारतं आणि तू पळतेस. कागदाचं बरं असतं. कागदावर नुसतं "हं" लिहून पाकीट चिकटवायची माणसाला लाज वाटते.

आता अक्षरशत्रू म्हातारीने पत्र लिहायचं कसं? शेजारच्या शिंपीणबाई एका पायावर तयार होत्या. पण त्या माझं बोलणं इस्त्री करून लिहितात. मी "मेल्या" म्हटलं की कागदावर "महोदय" उमटतं. म्हणून दुसऱ्या एकाला बसवलं आहे. अक्षर ओळखलं असशील. ओळखलं नसशील तर तुझा दोष नाही, ते पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

तो म्हणाला, "आई, मी तिला पत्र लिहिणार नाही."

मी म्हटलं, "तू कुठे लिहितोयस? मी लिहितेय. तू नुसतं पेन हलव."

"शिंपीणबाई आहेत की."

"त्यांच्या मशिनीवर लग्नाचे कपडे आहेत. तुझ्या वर्कशॉपातल्या लेथवर काय आहे? धूळ."

यावर त्याने पेनाचं टोपण काढलं, कारण खरं होतं. मग करार झाला. मी सांगेन तसं त्याने लिहायचं, काही गाळायचं नाही. पदरचं घालायचंच असेल तर कंसात घालायचं आणि पुढे 'लि.' असं लिहायचं, म्हणजे लिहिणारा. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या माथी नको.

(मी कबूल झालो कारण आईने जेवण सोडायची धमकी दिली. — लि.)

जेवण नाही, चहा. बघ, पहिल्याच कंसात खोटं.

मला एवढंच कळव, तिथे डोंगरावर तू दिवसभर करतेस तरी काय? लिहिणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, "धातू दळते." असं कुणी दळतं का? आणि दळून झाल्यावर त्याचं करता काय, थापता?

तुझी आजी (अंगठा)


२ फेब्रुवारी

भिंगरी,

पत्र मिळालं. चांगलं जाडजूड होतं, हातात घेतल्यावर बरं वाटलं. लिहिणाऱ्याला म्हटलं, आता तूच वाचणारा. तो खुर्चीत बसला, खाकरला, आणि माझा चहा निवायच्या आत पत्र संपलंसुद्धा. मी म्हटलं, एवढी पानं आणि एवढंसं वाचन? म्हणाला, "तिचं अक्षर मोठं आहे."

मला लिहिता येत नाही, मोजता येतं. तो बाहेर गेल्यावर पाकीट घेऊन शिंपीणबाईंकडे गेले. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि पहिल्यापासून वाचलं. तू तीनदा विचारलं आहेस, "बाबांचा हात कसा आहे?" ते तिन्ही वेळा याने गिळलं.

संध्याकाळी वाढताना एवढंच म्हटलं, "अरे, तिने हाताबद्दल काहीच कसं विचारलं नाही? माणुसकी म्हणून तरी!" तर खाली मान घालून म्हणतो, "विचारलंय." म्हटलं, "असं? मग मला ऐकू कमी येत असेल."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी सांगणार नाही. हे पत्र तू हातात धरलं आहेस ना? वेलांट्या कुठे गेल्यात बघ. उकार बघ. उजव्या हाताची दोन बोटं अजून पुरती वळत नाहीत, त्यांच्या टोकांना काही लागत नाही. पेन तो अंगठा आणि करंगळीत धरल्यासारखं धरतो. लिहायला त्याला का बसवलं, ते तुला आता कळलं असेल. त्याला मात्र आत्ता लिहिताना कळलं. चेहरा बघण्यासारखा झाला आहे.

(हात ठीक आहे. — लि.)

हाताला विचारून लिहिलंस का?

बरं, तुझ्या दळणाचं. शिंपीणबाईंनी दोनदा वाचलं तेव्हा मला समजलं. समजलं ते सांगते, चुकलं तर हसू नकोस. मॅग्नेशियम म्हणून एक हलका धातू आहे, त्यात थोडं निकेल घालायचं. दोन्ही जाड पोलादी भांड्यात, सोबत पोलादाच्या गोळ्या, वर झाकण घट्ट. मग ते भांडं यंत्रावर गरगर फिरवायचं. गोळ्या आपटून आपटून धातूचं पीठ होतं. हे कशासाठी, तर हायड्रोजन नावाचा वायू त्या पिठाने पिऊन आत साठवून ठेवावा आणि तापवलं की परत द्यावा. म्हणजे वायू बाटलीत कोंबण्याऐवजी धातूत मुरवून कुठेही नेता येईल, गाड्या चालतील, धूर होणार नाही. न दळलेला धातू पीत नाही, कारण त्याच्या अंगावर हवेने आलेली कातडी असते. गोळ्यांचा मार बसला की ती फुटते, नवं अंग उघडं पडतं आणि त्यातून वायू आत जातो. मात्र दळताना हवा शिरली की पुन्हा कातडी. म्हणून भांड्यात कुणाशीही न बोलणारा एक वायू भरून ठेवतात.

कुणाशीही न बोलणारा! तुम्हाला तो बाटल्यांतून मागवावा लागतो. मला बाई घरातच मिळाला आहे, खुर्चीत बसलेला असतो.

आणि म्हणे तो धातू वायू प्यायला की अंगाने तापतो. त्यात नवल काय? तुझे आजोबा तेच करायचे.

बाकी तू फार मारून-मुटकून दळू नकोस. तूच लिहिलं आहेस ना, की मध्येमध्ये यंत्र थांबवावं लागतं, नाहीतर पीठ तापून भांड्याच्या अंगाला चिकटून बसतं? मग तूही थांबत जा. रात्री जेवतेस ना?

तुझी आजी (अंगठा)


२३ फेब्रुवारी

भिंगरी,

या वेळचं पत्र त्याने सगळं वाचलं. मी शेजारी बसले होते, पान उलटताना बोट ठेवत होते.

तुझी अडचण कळली. तिथली भांडी झिजलेली, झाकणं गळतात, हवा शिरते आणि पीठ हायड्रोजन पीत नाही. नवी मागवायची तर अर्जावर अर्ज, आणि तुमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणतात की उन्हाळा सरेपर्यंत तुझ्या मिश्रणाने वायू पिऊन दाखवला नाही तर यंत्र दुसऱ्यांना आणि तुला घरी. तू हे असं लिहिलं आहेस जसं काही बस चुकल्याचं कळवते आहेस. पण चार वर्षं तू त्या धातूच्या मागे आहेस. माझ्या कानाला ते "घरी" बरोबर ऐकू आलं.

वाचून झाल्यावर मी म्हटलं, "भांडं तर तू करतोस."

"करत होतो."

"लेथ विकलास?"

"हात विकला," म्हणाला, आणि उठून गेला.

म्हणून आज मी त्याला पुन्हा बसवलं आहे आणि त्या दिवसाची गोष्ट सांगते आहे. तू विसरलीस म्हणून नव्हे. लिहिणाऱ्याच्या लक्षात ती अर्धीच राहिली आहे म्हणून. लिही रे.

तेव्हा तू इथल्याच कॉलेजात दळत होतीस, भांडं याने केलेलं. एकदा झाकण असं अडकलं की तुझ्याने हलेना. तू ते वर्कशॉपच्या बाकावर ठेवलंस आणि म्हणालीस, "बाबा, मी आल्याशिवाय हात लावू नका. तुम्ही फक्त पकडायचं, उघडायचं मी, आणि उघड्या हवेत नाही." आणि क्लासला गेलीस. याला वाटलं, पोर दमून येईल, तोवर आपण उघडून ठेवू. प्रेमाने केलं. पण हात लावू नका म्हटलं असताना लावला. हे लिही.

(लिहिलं. — लि.)

झाकण सुटलं, हवा आत गेली, आणि त्या बारीक पिठाने पेट घेतला. याच्या बोटांवर ते जळतं पीठ चिकटलेलं. शिंपीणबाई पाण्याची बादली घेऊन धावल्या. त्याच क्षणी तू दारात. आणि तू काय केलंस? बादलीला लाथ मारलीस. पाणी सगळं जमिनीवर. आणि बापाचा हात धरून वाळूच्या बादलीत कोपरापर्यंत दाबलास.

दवाखान्यात तू त्याला सांगितलंस की जळत्या मॅग्नेशियमवर पाणी टाकलं तर आग भडकते, हात राहिलाच नसता. तो म्हणाला, "तुझं शास्त्र तुझ्याजवळ ठेव. बापाचा हात जळत होता आणि तुला पिठाची पडली होती. भिजलं असतं ना ते!" त्यावर तू एक अक्षर बोलली नाहीस. मानी बापाची मानी मुलगी. महिन्याभरात डोंगरावर.

आता माझं म्हणणं. मी तिथे नव्हते. आग पाण्याने विझते एवढंच मला ठाऊक, जन्मभर चूल तशीच विझवली. तेव्हा तू म्हणतेस ते खरं की तो म्हणतो ते, हे मी ठरवू शकत नाही. पण भिंगरे, ज्या मुलीने तीनदा हाताची चौकशी लिहिली ती

(पुढचं आईने सांगितलं पण मला आज बसवत नाही. बोटं दुखतात. — लि.)


५ मार्च

भिंगरी,

तुझ्या बापाला डावी भुवई राहिलेली नाही.

(आई, हे लिहिणं गरजेचं आहे का? — लि.)

आहे. करार आहे.

मागचं पत्र तसंच अर्धवट टाकून दोन दिवस तो अंगणात येरझाऱ्या घालत होता. मग सकाळी कुठेतरी गेला आणि कागदाची पुडी घेऊन आला. विचारलं तर म्हणे, "किस आहे." मला वाटलं खोबऱ्याचा. निघाला मॅग्नेशियमचा. पलीकडच्या कारखान्यात ते कापताना जे केसासारखे तुकडे पडतात, ते हा मागून घेऊन आला होता.

मागच्या अंगणात फरशीवर पत्र्याचं झाकण ठेवलं, त्यात तो किस. बाजूला दोन वाट्या, एकीत वाळू, एकीत पाणी. मी उंबऱ्यात. शिंपीणबाई भिंतीपलीकडून, गळ्यात टेप. मी म्हटलं, "काय रे, पूजा मांडलीस?" म्हणाला, "आई, तू आत जा." मी कशाची जाते.

पेटवायला वेळ लागला. पेटल्यावर मात्र डोळ्यांनी बघवेना, असला पांढरा उजेड. त्याने चमचाभर पाणी घेतलं आणि लांबूनच टाकायचं सोडून, नीट दिसावं म्हणून वाकला.

भिंगरे, मी एवढं आयुष्य काढलं, पाण्याने आग पेटलेली पहिल्यांदा पाहिली. फट्‌कन अशी उसळली, ठिणग्या भिंतीपर्यंत. शिंपीणबाई टेपसकट खाली बसल्या. हा मागे पडला. मी ओरडले, "वाळू टाक, वाळू!" मी ओरडले बरं का, मी, जी चूल पाण्याने विझवते. त्याने वाळूची वाटी उपडी केली. विझलं.

मग तो तिथेच फरशीवर बसून राहिला. भुवईचा वास सगळीकडे. चमचाभर पाण्याने एवढं, आणि शिंपीणबाईंकडे तर बादली होती. शिंपीणबाई भिंतीपलीकडून हळूच म्हणाल्या, "अहो, मी तर ती सगळी तुमच्या हातावर ओतणार होते." तो आपला हात मांडीवर घेऊन बघत बसला, जणू कुणी नुकताच आणून दिला आहे.

मी त्याला तसाच बसू दिला. असल्या वेळी बोललं की लोक ऐकत बसतात, विचार करायचा राहतो. भाजी करपेल म्हणून आत गेले.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपचं शटर वर गेल्याचा आवाज आला. तेवढंच सांगायचं होतं. आता तो कंस मागतोय. घे बाबा.

(भांड्याचा आतला व्यास किती? झाकणाला रबरी कडं कोणत्या मापाचं बसतं, त्याची खाच किती खोल हवी? गोळ्या किती जाडीच्या? तुमच्या यंत्राच्या पकडीचं चित्र काढून पाठव. सगळं मिलिमीटरमध्ये. अंदाज नको. — लि.)

दीड वर्षानंतर बाप मुलीशी पहिल्यांदा बोलला आणि काय बोलला, तर मिलिमीटर. पण तुला त्यातलं ऐकू येईल. तुझे कान माझ्यावर गेले आहेत.

तुझी आजी (अंगठा)


८ एप्रिल

भिंगरी,

तुझी मापं आली तेव्हापासून या घरात मला कुणी विचारत नाही. जेवताना ताटाशेजारी तुझं ते चित्र. मीठ मागितलं तरी "किती मिलिमीटर?" म्हणेल अशी वेळ.

भांडं झालं. पार्सल काल पाठवलं. आधी एक केलं होतं, ते त्याने स्वतःच बाद केलं. ज्या दोन बोटांनी तो पूर्वी धातूवरून हात फिरवून खाचखळगा ओळखायचा, त्यांनाच आता काही लागत नाही. तरी सवयीने तीच बोटं फिरवतो. मी एकदा म्हटलं, "दुसऱ्या हाताने बघ की." म्हणाला, "त्या हाताला काय कळतं?" जन्मापासून त्याच्यासोबत राहतोय तो हात बिचारा, आणि ही किंमत.

तुला वाटत असेल, आता सगळं गोड झालं. तसं नाही. अजून तो तुझं नाव घेत नाही. "तिथलं यंत्र" म्हणतो, "तिथलं पीठ" म्हणतो. भांडं खोक्यात भरताना मात्र चारी बाजूंनी शिंपीणबाईंकडच्या चिंध्या इतक्या प्रेमाने कोंबत होता, की मी म्हटलं, "अरे पोलाद आहे, बाळ नाही." म्हणतो, "ढकलाढकलीत कड दुखावते."

पत्रात "बाबांना काही लिहू का?" असं मला का विचारतेस? पत्र वाचणार कोण आहे? तूही तसलीच.

भांडं कसं बसलं ते कळव. खरं कळव.

तुझी आजी (अंगठा)


११ मे

भिंगरी,

अक्षर सुवाच्य दिसलं म्हणून दचकू नकोस. मी धडधाकट आहे आणि तुझा बापही. हे शिंपीणबाई लिहीत आहेत. त्यांना शपथ घातली आहे की इस्त्री करायची नाही. "मेली" ला "मेली" च.

तर मेले, खोटं बोलायचं तर नीट बोलावं.

तुझं पत्र मंगळवारी आलं. तो दारातच उभ्या उभ्या वाचायला लागला, चपला पायात तशाच. "बाबांचं झाकण उत्तम बसलं." इथे त्याचा आवाज असा काही झाला की मी दुसरीकडे बघितलं. पुढे वाचलं, "पण पीठ अजून हायड्रोजन घेत नाही. वायू दिला तरी तापतच नाही. दोष माझ्या मिश्रणात असणार. मोठ्या बाईंनी जूनअखेरपर्यंत मुदत दिली आहे." पुढे, "झाकणाच्या बाजूचं पीठ पांढुरकं येतं, तळाचं काळं राहतं." आणि पुढे तुझ्या खोलीतल्या मांजराचं काहीतरी.

तो मांजरापाशी थांबला. परत वर गेला. पुन्हा वाचलं, मोठ्याने नाही.

मी म्हटलं, "काय झालं?"

"झाकण गळतंय."

"ती तर उत्तम बसलं म्हणते."

"आई, मिश्रण चुकलं असतं तर सगळं पीठ सारखंच बिघडलं असतं. वरचं पांढरं आणि तळाचं काळं म्हणजे हवा वरून शिरते. झाकणातून."

"मग हे तिला कळलं नसेल?"

"तिला?" म्हणाला. "तिला पहिल्या दिवशी कळलं असेल."

आणि चपला घालूनच वर्कशॉपमध्ये गेला. मी मागोमाग, गुडघा ओढत. ते बाद केलेलं भांडं त्याने कोपऱ्यातून काढलं. त्याच्या झाकणाच्या खाचेवरून या वेळी डाव्या हाताचं बोट फिरवलं, अगदी सावकाश, डोळे मिटून. एका जागी थांबला. पुन्हा मागे घेतलं. पुन्हा तिथेच थांबला.

"इथे उथळ झालीय," म्हणाला. "बाद केलं ते भलत्याच कारणासाठी केलं, हे दिसलंच नव्हतं मला. पाठवलेलंही याच हाताने केलंय. त्यातही असणार."

मला वाटलं, आता बसला हा पुन्हा खुर्चीत. संपलं सगळं. मी आपली समजुतीचे शब्द जुळवत होते. तर हा रागावलेला! कुणावर, तर तुझ्यावर. "गळतंय तर गळतंय म्हणायचं! माझं झाकण वाईट म्हणायला हिला काय झालं? नोकरी चाललीय तिची आणि ही बापाला जपतेय! दोष माझ्या मिश्रणात म्हणे!"

भिंगरी, दीड वर्षं तो सगळ्यांना सांगत फिरला, की माझ्या मुलीला बापाच्या हातापेक्षा पीठ प्यारं. आणि तू तेच पीठ, चार वर्षांचं, त्याच्या हातासाठी पाण्यात सोडायला निघालीस. त्याला हे उमगलं असावं. तोंडाने म्हणाला नाही. तोंडाने नुसता शिव्या घालत होता, आणि शिव्या घालता घालता पिशवीत हत्यारं भरत होता.

मी म्हटलं, "कुठे निघालास?"

"झाकण टपालाने बसत नसतं. भांड्यावरच घासून बसवावं लागतं. तिथे, त्यांच्या यंत्रावर चढवून, पुन्हा काढून, पुन्हा घासून."

"त्या हाताने?"

"बघायचं काम डाव्याने. उजवा नुसता दाबेल."

"आणि ती नको म्हणाली तर?"

यावर हातातली कानस फडक्याने पुसली. मग म्हणतो, "मी झाकण बसवायला चाललोय. तिला भेटायला थोडाच."

शिंपीणबाई म्हणतात, हे लिहू नका, पोरीला वाईट वाटेल. लिहा हो. वाईट वाटायचं काय त्यात? त्या पिशवीत त्याने कानस ठेवली, पॉलिशचा दगड ठेवला, कड्यांचा डबा ठेवला, आणि सगळ्यात खाली, मी बघत नाही असं बघून, तुझा तो जुना निळा स्वेटर ठेवला. झाकणाला स्वेटर लागतो का, हे मला शिंपीणबाईंनीही सांगितलं नाही.

तुला फोन केला नाही, कारण तू म्हणाली असतीस, "नका येऊ, उगीच त्रास." आणि तो तेवढ्याच शब्दाची वाट बघत होता, की लगेच पिशवी रिकामी. आज पहाटेच्या गाडीने गेला. दोन गाड्या बदलून, रस्त्यात दोन-तीन मुक्काम. हे पत्र मी मुद्दाम जलद टपालाने पाठवते आहे, म्हणजे त्याच्या आधी तासभर तरी पोचेल. त्या तासात रडून घे. तो दारात उभा राहिला की रडायचं नाही. त्याला कळत नाही अशा वेळी हात कुठे ठेवायचे, आणि सध्या एका हाताचं त्याला तसंही अवघड आहे. त्याला सरळ यंत्राकडे ने. झाकण दाखव. "गळतंय, बाबा," असं तोंडावर सांग. त्याला दुसरं काही नको आहे.

झाकण बसेलच असं मी म्हणत नाही. तो हात तो हातच आहे, आणि तुमचा धातू मला काही कबूल करून बसलेला नाही. पितो की नाही ते जून संपेल तेव्हा कळेल. नाही प्यायला तर दोघं मिळून घरी या, दोन्ही खोल्या झाडून ठेवते.

तो म्हणाला आहे, तिथे चार दिवस, मग परत. तुमच्याकडे जर्दाळू होतात, असं तू लिहिलं होतंस. त्याच्याबरोबर दे. पण ताजे देऊ नकोस. ते टिकत नाहीत, त्यांच्यासाठी त्याला घाईने निघावं लागेल. झाडावरचे पिकले की उतरवून घे, बिया काढ, आणि तिथेच गच्चीवर वाळायला घाल. पुरते वाळल्याशिवाय पाठवायचे नाहीत.

तुझी आजी (अंगठा)